भविष्यपत्रके, राजकीय (इंग्लंड, सतरावे शतक)

राजा, राज्य, युद्ध आणि धर्म यांचे पुढे काय होणार हे ग्रहस्थितीवरून, ग्रहणांवरून, आकाशात दिसलेल्या चमत्कारिक दृश्यांवरून किंवा जुन्या भाकितांवरून सांगणाऱ्या स्वस्त छापील चोपड्यांना राजकीय भविष्यपत्रके म्हणता येईल. युरोपात मुद्रणकलेच्या प्रसाराबरोबर असे साहित्य सर्वत्र निघू लागले. १५२४ मध्ये मीन राशीत होणाऱ्या ग्रहयुतीवर जर्मन प्रदेशांत शंभराहून अधिक चोपड्या निघाल्या होत्या. परंतु प्रत्यक्ष राजकारणावर या प्रकाराचा सर्वांत ठळक ठसा इंग्लंडमध्ये, तेथे राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या यादवी युद्धाच्या काळात (१६४२–५१) उमटला. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यासंबंधी आहे.

बहुतेक चोपड्यांचा आकार लहान असे. छापलेला एक ताव दोनदा दुमडला की आठ पृष्ठे होत आणि पुष्कळदा मजकूर तेवढ्यातच संपे. बांधणी नसे, किंमत एक-दोन पेन्स असे. मुखपृष्ठावर लांबलचक शीर्षक आणि कधी एखादे लाकडी ठशाचे चित्र असे. वर्षफळ सांगणारी पंचांगे हा त्यांचा थोरला भाऊ. या पंचांगांच्या छपाईची मक्तेदारी १६०३ पासून लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाकडे होती.

राज्यकर्त्यांना भाकितांचा धाक होता, याची साक्ष कायदे देतात. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५४२ मध्ये, सरदारांच्या मानचिन्हांवरील पशू आणि त्यांची नावे यांच्या आधारे भाकिते रचणे व पसरवणे हा गंभीर गुन्हा ठरवण्यात आला. १५८१ च्या कायद्याने राणी पहिल्या एलिझाबेथची कुंडली मांडून तिचे आयुष्य किती उरले हे पाहण्यास बंदी घातली. १६४१ मध्ये ‘स्टार चेंबर’ हे न्यायासन बरखास्त झाले आणि त्याच्यासोबत मुद्रणावरील जुने नियंत्रणही कोसळले. पार्लमेंटने १६४३ मध्ये परवान्याची पद्धत पुन्हा आणली, पण एकदा सुटलेला ओघ थोपला नाही.

या ओघातील सर्वांत प्रभावी नाव ज्योतिषी विल्यम लिली (१६०२–८१) याचे. १६४४ मध्ये त्याचे पहिले पंचांग निघाले, तेव्हा गणिती ग्रंथांचा परवाना-अधिकारी जॉन बुकर हा स्वतःही ज्योतिषीच होता आणि त्याने मजकुराला कात्री लावली. तरीही पहिली आवृत्ती आठवड्याभरात संपली. त्याच वर्षी लिलीने ‘श्वेत राजा’विषयीच्या जुन्या भाकिताची चोपडी काढली. पहिल्या चार्ल्सने १६२६ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी पांढरी वस्त्रे घातली होती, त्यामुळे रोख कोणाकडे आहे हे वाचकाला सांगावे लागत नव्हते. तीन दिवसांत १,८०० प्रती खपल्याचे लिली नमूद करतो. १६४४ च्या १९ नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या राजाच्या वाढदिवशी, लंडनच्या आकाशात तीन सूर्य दिसल्याची वार्ता होती. वातावरणातील हिमकणांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंना असे आभास दिसतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. लिलीने मात्र त्याचा राजकीय अर्थ लावून १६४५ मध्ये स्वतंत्र चोपडी छापली.

राजाच्या बाजूचा ज्योतिषी जॉर्ज व्हार्टन हा आपल्या नावाची अक्षरे फिरवून ‘नॉवर्थ’ या नावानेही लिहीत असे. ७ मे १६४५ रोजी राजाने ऑक्सफर्डहून कूच केले, तेव्हा त्या प्रस्थानाची कुंडली मांडून त्याने राजाला यश वर्तवले. लिलीने तीच ग्रहस्थिती घेऊन उलट निष्कर्ष काढला: आता लढाई झालीच, तर विजय पावले न वाजवता पार्लमेंटकडे येईल. १४ जूनला नेझबी येथे राजाच्या सैन्याचा निर्णायक पराभव झाला. लिलीची प्रतिष्ठा या प्रसंगाने वाढली, आणि १६४८ मध्ये कॉल्चेस्टरच्या वेढ्यात सैनिकांना धीर देण्यासाठी पार्लमेंटच्या बाजूने त्याला व बुकरला तेथे पाठवण्यात आले. म्हणजे भविष्य हे दारूगोळ्यासारखे वापरले जात होते. या दोघा प्रतिस्पर्ध्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे: पुढे व्हार्टन पार्लमेंटच्या कैदेत पडला, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकणाऱ्यांत लिली होता.

२९ मार्च १६५२ चे सूर्यग्रहण ज्योतिषांना महाग पडले. लिली, निकोलस कल्पेपर आणि इतरांनी राजवटी उलथण्याची आणि अनर्थाची भाकिते छापली होती. ‘काळा सोमवार’ म्हणून गाजलेल्या त्या दिवशी अनेक लोक कामधंदा सोडून घरात बसले, आणि दिवस विशेष काही न घडता मावळला. त्यानंतर ज्योतिषांची खिल्ली उडवणाऱ्या चोपड्यांचे पीक आले.

१६५१ मध्ये लिलीने राजेशाहीच्या भवितव्यावरील पुस्तकात काही सांकेतिक चित्रे स्पष्टीकरणाशिवाय दिली होती. एकात कफनात गुंडाळलेली प्रेते आणि कबरी खणणारी माणसे आहेत, तर दुसऱ्यात जुळी मुले डोके खाली अशी आगीत कोसळताना दिसतात. लंडनची रास मिथुन, म्हणजे जुळ्यांची, मानली जाई. १६६५ ची प्लेग आणि १६६६ च्या सप्टेंबरातील भीषण आग यांनंतर ही चित्रे लोकांना आठवली. त्यातच, एप्रिल १६६६ मध्ये पकडलेल्या कटवाल्यांनी लंडन पेटवण्यासाठी लिलीच्या पंचांगावरून ३ सप्टेंबर हा दिवस ठरवला होता, असे खटल्यात पुढे आले होते. ऑक्टोबरमध्ये चौकशी समितीने लिलीला बोलावले. आगीचे साल आपल्याला कळले नव्हते, असे त्याने सांगितले आणि त्याला सोडून देण्यात आले.

हजारोंनी छापलेल्या या चोपड्या आज दुर्मिळ का, याचे उत्तर त्यांच्या स्वस्तपणात आहे. सरलेल्या वर्षाचे भविष्य कोणी जपत नाही. कागद पुड्या बांधण्यात जाई. जे टिकले त्याचे मोठे श्रेय लंडनचा पुस्तकविक्रेता जॉर्ज थॉमसन याला जाते. १६४० ते १६६१ या काळात त्याने सुमारे २२,००० छापील कागद जमवले आणि युद्धाच्या धामधुमीत ते लंडनबाहेर हलवून वाचवले. १७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्जने हा संग्रह विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमला दिला. सध्या तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. थॉमसन बहुतेक प्रतींवर, त्या हाती आल्या तो दिवस शाईने लिहून ठेवी. अभ्यासकाच्या दृष्टीने ही चिमुकली नोंद अमोल आहे, कारण भाकीत घटनेआधी छापले होते की घटना घडून गेल्यावर मागाहून रचले, हे तीवरूनच ठरवता येते.

मदर शिप्टन या यॉर्कशरच्या भविष्यवादिनीचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. आठव्या हेन्रीचा एके काळचा मुख्य मंत्री कार्डिनल वूल्झी यॉर्क डोळ्यांनी पाहील, पण तेथे पोहोचणार नाही, असे तिने सांगितल्याचे मानतात. १५३० मध्ये यॉर्कच्या अलीकडे कॉवुड येथे त्याला अटक झाली; पण हे भाकीत छापलेली सर्वांत जुनी ज्ञात चोपडी १६४१ ची, म्हणजे घटनेनंतर १११ वर्षांनी निघालेली आहे. घोड्यांविना चालणाऱ्या गाड्या आणि १८८१ मधील जगबुडी सांगणारी तिच्या नावावरील पद्ये त्या चोपडीत नाहीत. ती १८६२ मध्ये चार्ल्स हिंडली याने रचून छापली आणि १८७३ मध्ये त्याने तशी कबुली दिली.