शाखा की संलग्न मंडळ? गळवाल्यांनो, आधी हे ठरवा

तापीकाठच्या आमच्या गळवाल्या, म्हणजे हौसेने गळ टाकून मासे धरणाऱ्या, मंडळींत एक शब्द फार स्वस्त झालाय: शाखा. चार-पाच जण हतनूर धरणाच्या फुगवट्यावर दोन रविवार काठ्या लावून बसले, एकाला बऱ्यापैकी मरळ लागली, फोटो निघाला, की तिसऱ्या रविवारी फ्लेक्स तयार. वर 'अखिल भारतीय' अमुक संघटना आणि खाली 'शाखा भुसावळ'. शाखा कशी झाली म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं. 'वर्षाची फी भरली ना!'

फी भरून शाखा होत नाही. फी भरून तुम्ही झालात तर संलग्न मंडळ होता, आणि या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत की एकीचे नियम दुसरीला लावले तर मंडळ दोन वर्षांत फुटतं. मी एका लहान मंडळाचं चिटणीसपद बरीच वर्षं ओढलंय. हा घोळ इतक्या वेळा तोंडी समजावलाय की आता लिहूनच ठेवतो.

शाखा म्हणजे काय ते खानदेशात कुणाला शिकवायला नको. बँकेची असते, पतपेढीची असते, पक्षाची असते. वरचा हुकूम येतो, खाली पाळला जातो, साहेबाची बदली होते. शाखेबद्दल एवढंच.

संलग्न मंडळही तुम्हाला माहीतच आहे, फक्त तुम्ही त्याला या नावाने ओळखत नाही. गावातली विविध कार्यकारी सोसायटी घ्या. तिच्या शेजारीच, कधी एकाच इमारतीत, जिल्हा बँकेची शाखा असते. पैसा दोघींकडून फिरतो, पीककर्जाच्या दिवसांत रांगही एकच वाटते. पण बँकेचा शाखाधिकारी उद्या चोपड्याहून रावेरला जाऊ शकतो; सोसायटीच्या चेअरमनची बदली कुणाचा बाप करू शकत नाही. कारण शाखा ही बँकेचाच तुकडा आहे आणि सोसायटी ही बँकेची सभासद आहे. तिची नोंदणी वेगळी, दप्तर वेगळं, निवडणूक वेगळी. आणि जिल्हा बँकेची निवडणूक लागली की सोसायटी एका माणसाच्या नावाने ठराव करते आणि तो माणूस मतदार होतो. त्या दिवसांत ठराववाल्याला काय भाव असतो ते सांगायला नको, तो नेमका तेव्हाच कुठेतरी सहलीला गेलेला असतो! शाखाधिकाऱ्याला मात्र असं कुणी सहलीला नेत नाही. त्याच्याकडे मतच नसतं.

आता हेच गळावर आणा. राष्ट्रीय संघटना म्हणजे जिल्हा बँक, आणि तुमचं मंडळ म्हणजे एकतर तिची शाखा, नाहीतर तिची सभासद सोसायटी. दोन्ही एकाच वेळी होता येत नाही. बाकी सगळे फरक ज्या एका प्रश्नातून निघतात तो प्रश्न असा: राष्ट्रीय संघटनेचा सभासद कोण, तुम्ही की तुमचं मंडळ?

इथेच सगळे अडकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

शाखेच्या पद्धतीत प्रत्येक गळवाला थेट राष्ट्रीय संघटनेचा सभासद असतो. त्याचं नाव त्यांच्या नोंदवहीत, त्याची वर्गणी त्यांच्या खात्यात, त्याचं मत त्यांच्या वार्षिक सभेत. शाखा म्हणजे त्या सभासदांना सोयीसाठी एकत्र बसवायची जागा. संलग्न पद्धतीत तुम्ही मंडळाचे सभासद, आणि मंडळ संघटनेचं सभासद. राष्ट्रीय सभेत तुम्ही व्यक्ती म्हणून अस्तित्वातच नसता. तिथे तुमचं मंडळ असतं आणि त्याच्या वतीने ठराव घेऊन गेलेला एक प्रतिनिधी. ठराव नसेल तर तोही नसतो.

याचा फटका कसा बसतो ते स्वतःच्याच उदाहरणाने सांगतो. संस्था नोंदणी अधिनियम 1860 मधलं कलम 15 म्हणतं की वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर सभासदाला मत नाही. आम्ही एकदा मोठ्या उत्साहाने एका वार्षिक सभेला गेलो. आमच्या प्रत्येकाने मंडळाकडे वर्गणी वेळेवर भरलेली, पावत्या खिशात. दारावर सांगितलं, 'बसा, पण मत देता येणार नाही.' मंडळाची संलग्नता फी आमच्या खजिनदाराने पाठवलीच नव्हती, आणि तो खजिनदार निवडताना हात मीच वर केला होता. पंचवीस जणांच्या पंचवीस पावत्या तिथे शून्य किमतीच्या, कारण थकबाकीदार आम्ही नव्हतो, मंडळ होतं. शाखा असतो तर ज्याने भरली त्याचं मत चाललं असतं. दिवसभर मागच्या रांगेत बसून चहा प्यायलो आणि रात्रीच्या गाडीने परतलो.

मताचं गणितही इथूनच बदलतं. समजा एका संघटनेत दहा मंडळं आहेत. मोठ्या शहरातल्या एका मंडळात 300 गळवाले, उरलेल्या नऊ मंडळांत प्रत्येकी 20. डोकी मोजली तर शहर 300 आणि बाकी सगळे मिळून 180. स्पर्धा कुठे घ्यायची, फी किती ठेवायची, सगळं शहर ठरवणार. मंडळं मोजली तर शहर एक आणि बाकी नऊ. मग 300 माणसांची फी भरणारं मंडळ विचारणार की आम्ही काय फक्त पैसे भरायला? क्रिकेटमध्ये हेच भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. महाराष्ट्रातून बीसीसीआयवर तीन संघटना आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. 2016 मध्ये 'एक राज्य, एक मत' असा निकाल आला, 2018 मध्ये तो बदलून तिघींना पुन्हा आपापलं मत मिळालं. आणि जाता जाता: जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा क्रिकेट संघटना पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनशी संलग्न आहेत. त्यांना 'बीसीसीआयची शाखा' म्हटलेलं कुणी ऐकलंय का? मग गळवाल्यांनाच काय झालं?

माझं मत विचाराल तर मधला रस्ता बरा. 50 सभासदांपर्यंत एक मत, 150 पर्यंत दोन, त्यापुढे कितीही असोत, तीन. एका प्रतिनिधीच्या खिशात दुसऱ्या मंडळाचं मुखत्यारपत्र अजिबात नको. आणि दोन वर्षांचे तपासलेले हिशेब दाखवल्याशिवाय कुठल्याही मंडळाला मत नाही. ही शेवटची अट लोकांना जाचक वाटते, पण मला ती सगळ्यात प्यारी आहे. 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात माणसं पुरतात. 'एक मंडळ एक मत' असं नुसतं लिहून ठेवलं, की निवडणुकीच्या वर्षी सात-सात जणांची कागदी मंडळं भुईछत्र्यांसारखी उगवतात. त्यातल्या निम्म्यांनी गळ दुकानात पाहिलेला असतो.

विलायतेत या दोन पद्धतींची मिसळ करून पाहिलीय. तिथली अँगलिंग ट्रस्ट ही 2009 मध्ये सहा संघटना एकत्र येऊन झाली. तिचे सभासद व्यक्तीही होतात आणि क्लबही. चांगली सोय आहे, पण ती आपल्याकडे आणायची तर एकच माणूस स्वतःच्या नावाने एकदा आणि मंडळाच्या यादीत दुसऱ्यांदा मोजला जाणार नाही, हे घटनेत स्पष्ट लिहावं लागेल. आपल्याकडे घटना म्हणजे दुसऱ्या संस्थेची झेरॉक्स, वरचं नाव तेवढं बदललेलं. एका मंडळाच्या घटनेत मी 'दूध संकलन' हा उद्देश वाचलाय.

सभासद कोण हे ठरलं की शिस्तीचा प्रश्नही आपोआप सुटतो. कुणी पाण्यात जिलेटिनचा बार टाकला (हा 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, 'आजोबाही टाकायचे' हे उत्तर नाही), तर त्याला काढायचं कुणी? शाखा असेल तर राष्ट्रीय संघटना थेट काढते. संलग्न मंडळ असेल तर मंडळ काढतं. मंडळाने डोळेझाक केली तर संघटना मंडळाला जाब विचारते, फार तर मंडळाची संलग्नता रद्द करते. त्या माणसाला हात लावायचा अधिकार तिला हवा असेल तर तो दोन्ही घटनांत लिहिलेला हवा. लोक सरळ दिल्ली-बंगळुरूला, राष्ट्रीय संघटनेकडे तक्रारी मेल करतात आणि उत्तर आलं नाही म्हणून रुसतात. पहिली तक्रार आपल्या चिटणिसाकडे करायची, आणि ती सुद्धा कागदावर. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला म्हणजे ठराव पास झाला असं समजणाऱ्यांशी मी बोलणं सोडलंय.

पैशाचं थोडक्यात. शाखेचा तंबू, वजनकाटा, होडी, बँकेतली शिल्लक, सगळं वरच्याचं. संलग्न मंडळाचं सगळं मंडळाचं. संघटना आवडेनाशी झाली तर मंडळ सभासदत्व सोडून आपल्या नावानिशी, खात्यानिशी बाहेर पडतं. शाखेला बाहेर पडताच येत नाही, ती फक्त बंद होते. मात्र स्वतंत्र असण्याची किंमत आहे. आपल्या राज्यात अशा मंडळाची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालीही असते. म्हणजे दरवर्षी हिशेब तपासून द्यायचे, आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट. तो न दिल्यामुळे कागदोपत्री दहा वर्षांपूर्वीचेच अध्यक्ष असलेली मंडळं मी पाहिली आहेत. त्यातले एक अध्यक्ष केव्हाच वारले होते.

आणि फ्लेक्सवर उगाच 'शाखा' लिहिलं तर काय होतं? आम्ही खातं उघडायला गेलो होतो. नोंदणीचं प्रमाणपत्र आमचं, पॅन आमचं, ठराव आमचा, पण लेटरहेडवर आमच्याच एका उत्साही अध्यक्षांनी 'शाखा' छापून घेतलेलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, 'शाखा आहात ना, मग मुख्य कार्यालयाचा ठराव आणा.' त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. स्पर्धेतही तेच. कुणी पाण्यात पडला, तर आयोजक कोण हे विमा कंपनी आणि पोलीस तुमच्या मनातून वाचणार नाहीत, पत्रकावरून वाचतील.

लोगो डावीकडे की उजवीकडे, टी-शर्ट हिरवा की निळा, नाव आधी कुणाचं, यावर मात्र जिथे तिथे तासन्‌तास बैठका चालतात. काहीही करा. फक्त दुसऱ्याचा नोंदणी क्रमांक आपल्या लेटरहेडवर छापू नका.

एक आडवळण, कारण ते टाळलं तर उद्या काठावर भांडण माझ्या नावाने होईल. शाखा असो की संलग्न मंडळ, पाण्यावर हक्क दोघांचाही नाही. ओळखपत्र दाखवून गळ टाकता येतो हा गैरसमज आहे. आपल्याकडे धरणातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेला गेलेला असतो. तिने पैसे भरून बीज सोडलेलं असतं, आणि आपण त्यातला कटला ओढून फोटो काढतो. तेव्हा आधी संस्थेच्या चेअरमनला भेटा, दर विचारा, पावती घ्या. भोई दादांशी 'आम्ही राष्ट्रीय संघटनेचे' असं बोलणाऱ्याला त्यांनी काठावरून उठवलं तर मी त्यांच्या बाजूने आहे. शिरपूरकडचं अनेर धरण तर अभयारण्य आहे, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय काठी बाहेरसुद्धा काढू नका. इंग्लंडात सरकारी रॉड लायसन्स एन्व्हायर्नमेंट एजन्सी देते, पाण्याची परवानगी त्या पाण्याचा मालक किंवा क्लब देतो, आणि संघटनेचं सभासदत्व या दोन्हींहून वेगळं. तीन कागद, तीन दारं.

एवढं सगळं वाचून शाखा म्हणजे वाईटच असं वाटत असेल, तर तसं नाही. परवा अमळनेरहून एकाचा फोन आला. सहा जण आहेत, पांझरा-बोरीवर महिन्यातून एकदा जातात, संघटनेने शाखा देऊ केलीय, पण मंडळ नोंदवावं असं एकाच्या डोक्यात बसलंय. मी विचारलं, हिशेब कोण लिहील? कुणीच नाही. धर्मादायला कोण जाईल? तिथेही कुणीच नाही. सातवा माणूस? शोधावा लागेल. म्हटलं, भाऊ, शाखाच घ्या, थेट सभासद व्हा, वरच्यांना दप्तर सांभाळू द्या, तुम्ही गांडुळं सांभाळा. तो थोडा हिरमुसला. 'मंग अध्यक्ष कोण?' म्हणाला.