यूएटीची सही नक्की कशावर?

रिलीजनंतर सिस्टम झोपली की हिंजवडी-खराडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘यूएटीवर तुमची सही आहे.’ यूएटी म्हणजे युजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग, सिस्टम ताब्यात घेण्याआधी ग्राहकाने स्वतः केलेली तपासणी.

सॉफ्टवेअरच्या भरवशाचा प्रश्न तसा 1968च्या, जर्मनीतल्या गार्मिशच्या सॉफ्टवेअर परिषदेपासूनचा. 1996मध्ये युरोपचं पहिलं एरियान 5 रॉकेट सुमारे 37 सेकंदांत भरकटलं. आधीच्या एरियान 4मध्ये नीट चाललेला कोड नव्या उड्डाणमार्गाच्या आकड्यांवर कुणी चालवूनच पाहिला नव्हता.

आपल्याकडचा गुंता मात्र वायटूकेनंतरच्या (2000 सालच्या तारखांच्या गोंधळानंतरच्या) करारांतला. कोड एका कंपनीचा, टेस्टिंग दुसरीचं आणि शेवटी ग्राहकाची यूएटी. चाकणच्या कारखान्यात आलेला माल मोजून घ्यावा, तशी ही कल्पना. पण कास्टिंग (धातूचा ओतीव भाग) मोजल्यावर बदलत नाही, सॉफ्टवेअर चालता चालता बिघडतं. यूएटीत ग्राहकाचे आठ-दहा कर्मचारी आपले व्यवहार करून बघतात; बिल निघतं का, रिपोर्ट जुळतो का. तासाला 5 एमबी मेमरी गळत असेल, म्हणजे वापरून झाल्यावर मोकळी होत नसेल, तर दोन तासांच्या फेरीत ते कुणाला दिसणार? 512 एमबी शिल्लक असेल तर ती सव्वाचार दिवसांत संपते. तीच गत डेटाबेस कनेक्शनची. एरर आल्यावर कनेक्शन परत दिलं जात नसेल, तर 50 कनेक्शनच्या साठ्यात (पूलमध्ये) पन्नास एररपर्यंत सगळं सुरळीत, मग पुढची विनंती लटकते. त्यात यूएटी सर्व्हरवर रोज नवा बिल्ड (सॉफ्टवेअरची ताजी प्रत) चढतो, म्हणजे रोज रीस्टार्ट. दोन्ही दोष आपोआप झाकले जातात. यासाठी बिल्ड न बदलता किमान 72 तासांची सोक टेस्ट, म्हणजे सिस्टम सलग चालती ठेवून केलेली चाचणी, लागते, आणि तीत पास-नापासपेक्षा मेमरीचा आलेख चढतोय का ते बघायचं असतं. हे काम कोड लिहिणाऱ्यांचंच. ग्राहकाने सांगायचा तो एक आकडा, सिस्टम किती टक्के वेळ चालू हवी. 99.9 टक्के म्हणजे 30 दिवसांत 43 मिनिटं बंद, 99.99 म्हणजे जेमतेम सव्वाचार. करारात आकडा असतो, तो सिद्ध कुणी करायचा हे बऱ्याचदा नसतं.

पुढे ‘लिहील तोच चालवील’ ही पद्धत आली आणि अनेक ठिकाणी वेगळी टेस्ट टीमच उरली नाही.

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सुरक्षा अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक पाडले. अपडेट म्हणून आलेल्या मजकुराच्या फाइलच्या नव्या साच्यात 21 रकाने होते, प्रोग्रॅम 20च मूल्यं पुरवत होता. टेस्टमध्ये एकविसाव्या रकान्याला काहीही चालेल असं ठेवलेलं, म्हणून चूक दिसली नाही. सावध ग्राहक मुद्दाम एक आवृत्ती मागे होते, तरी त्यांचेही संगणक पडले. एक आवृत्ती मागे राहण्याची सोय प्रोग्रॅमपुरती होती, ही मजकुराची फाइल तीत येतच नव्हती. ती टप्प्याटप्प्याने सोडणं आणि ग्राहकाला ती रोखता येणं, दोन्ही त्यानंतर आलं.