'मीडिया ऑफलाइन'ची भानगड आली कुठून

प्रीमिअर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे प्रोजेक्ट उघडला आणि मॉनिटरवर ती लाल पाटी आली, बऱ्याच भाषांत मीडिया ऑफलाइन लिहिलेली, की पोटात गोळाच येतो, वाटतं गेलं सगळं फुटेज. बहुतेक वेळा गेलेलं नसतं. कोणीतरी फोल्डरचं नाव बदललेलं असतं, नाहीतर काल जी डिस्क ई ड्राइव्ह म्हणून लागली होती ती आज एफ म्हणून लागलेली असते. प्रोजेक्टच्या फाइलमधे फुटेज नसतंच, फक्त त्याचा पत्ता असतो, हे एडिटिंग करणाऱ्या सगळ्यांना माहीतय. पण पूर्वी हा पत्ता वेगळ्या जातीचा होता आणि माझ्या मते जास्त भरवशाचा होता, मधल्या काळात आपण तो घालवला आणि आता परत जमवायला बसलोय.

फिल्मच्या काळात एडिटर खऱ्या निगेटिव्हला हातच लावायचा नाही. निगेटिव्हवरून वर्कप्रिंट म्हणजे कामापुरती कॉपी काढायची, ती मूव्हिओला नाहीतर स्टीनबेक या एडिटिंगच्या मशीनवर बघत कापायची, चिकटवायची, आणि सगळं पक्कं झालं की निगेटिव्ह कटर त्या कापलेल्या प्रिंटप्रमाणे निगेटिव्ह कापणार. आता हजारो फूट निगेटिव्हमधून नेमका तोच तुकडा सापडायचा कसा, तर फिल्म तयार होतानाच तिच्या कडेला नंबर आलेला असायचा, 35 एमएमला दर फुटाला एक, म्हणजे 16 फ्रेमला एक, आणि प्रिंट काढताना तो प्रिंटवर पण उमटायचा. असिस्टंटच्या वहीत हे नंबर लिहिलेले. डबा बदलला, लेबल फाटलं, तरी तुकड्याची ओळख तुकड्याच्या अंगावरच. फक्त एखादा तुकडा फुटापेक्षा लहान असला तर त्यावर नंबर नसण्याची शक्यता, मग असिस्टंट हातानं पेन्सिलीनं लिहून ठेवायचा, आणि ज्यानं आळस केला तो नंतर तासन् तास बिनमधे, म्हणजे तुकडे टांगायच्या पेटीत, लटकलेल्या पट्ट्या उचकत बसायचा. 1990 ला कोडॅकनं कीकोड आणला, तोच कडेचा नंबर पण सोबत बारकोड, म्हणजे मशीनला पण वाचता यावा.

व्हिडिओ टेपवर असं कडेला छापता येत नाही, तिथं हे काम टाइमकोडनं केलं. 60 च्या दशकाच्या शेवटाला टेपवरच प्रत्येक फ्रेमला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा नंबर द्यायची पद्धत आली, पुढं एसएमपीटीई या अमेरिकेतल्या फिल्म-टीव्ही इंजिनिअरांच्या संस्थेनं ती स्टँडर्ड केली. 1971 मधे सीबीएस आणि मेमोरेक्सनं मिळून काढलेल्या सीएमएक्स या कंपनीनं डिस्कवरून एडिट करणारं मशीन आणलं, ते महागडं होतं आणि फार खपलं नाही, पण त्याच कंपनीच्या नंतरच्या मशीननं जी ईडीएल रुजवली ती आजही चालते. ईडीएल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत इव्हेंटचा नंबर, टेपचं नाव, त्या टेपवर कुठून कुठपर्यंत आणि फायनलमधे कुठून कुठपर्यंत. टेपच्या नावाला 8 अक्षरं, बास. पण तेवढ्यात काम भागायचं, कारण टेपचं नाव आणि टाइमकोड असलं की फ्रेम सापडणारच.

आपल्याकडं लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी हे सुख मिनी डीव्ही टेपच्या काळात भोगलंय. तासाला साधारण 13 जीबी, तेव्हाच्या हार्डडिस्कमधे जागा नसायची, म्हणून मिक्सिंग झालं की कॅप्चर केलेलं सगळं उडवायचं आणि प्रोजेक्ट आणि टेप तेवढ्या ठेवायच्या. सहा महिन्यांनी पार्टी आली, दादा आत्याचा शॉट राहिलाय म्हणून, की टेप लावायची, बॅच कॅप्चर, सॉफ्टवेअर आपोआप टेप पुढंमागं करून तेच तुकडे परत आणणार. फक्त शूटिंग करताना मधे टेप रिकामी सुटली असेल तर कॅमेरा टाइमकोड परत शून्यापासून चालू करायचा, मग एकाच टेपवर दहाव्या सेकंदाच्या दोन जागा आणि बॅच कॅप्चर भलतंच काहीतरी उचलायचं. म्हणून जुने लोक नवी टेप आधी लेन्सकॅप लावून पूर्ण रेकॉर्ड करून घ्यायचे, म्हणजे टाइमकोड सलग राहायचा.

दरम्यान कंप्युटरवरची एडिटिंग सॉफ्टवेअर येत होती, 1989 ला ॲव्हिड, 1991 ला प्रीमिअर, 1999 ला फायनल कट प्रो, आणि फुटेज हळूहळू फाइल झालं. ॲव्हिडवाल्यांनी एक हट्ट धरला, मीडिया आमच्याच फोल्डरमधे राहणार, डिस्कच्या मुळाशी ॲव्हिड मीडियाफाइल्स नावाचा, त्यात एमएक्सएफ, त्यात 1 नावाचा. लोकांनी यावरून खूप शिव्या घातल्या पण त्यातली गंमत अशी की प्रत्येक क्लिपचा आयडी फाइलच्या आत लिहिलेला असतो, ड्राइव्हचं अक्षर काहीही होऊदे, त्या फोल्डरमधल्या दोन डेटाबेस फाइल उडवल्या की ॲव्हिड सगळं नव्यानं वाचतं आणि क्लिपा ओळखून घेतं. 2009-10 च्या सुमारास त्यांनी पण बाहेरच्या फाइल लिंक करायची सोय दिली आणि बाकीच्यांचा ताप तिथंही पोचला.

बाकीच्यांनी पहिल्यापासून पाथ, म्हणजे फाइलचा डिस्कवरचा पत्ता धरला. प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे जीझिप केलेलं एक्सएमएल, दाबून लहान केलेली टेक्स्ट फाइलच, उलगडून बघा कधी, आत चक्क ई ड्राइव्हपासून सी0013.एमपी4 पर्यंत अख्खा पाथ लिहिलेला दिसेल. डिस्क तिथं नसेल तर लाल पाटी, आणि खरं सांगायचं तर लाल पाटी परवडली, निदान काहीतरी गेलंय एवढं कळतं तरी. कार्डवर शूट करणारे कॅमेरे आल्यावर त्याहून वाईट प्रकार सुरू झाला. कॅनन एमव्हीआय_0001 म्हणणार, सोनी सी0001, आणि फाइल नंबर रिसेटवर ठेवला असेल तर प्रत्येक कार्डवर परत सी0001 पासून. हळदीच्या कार्डवर सी0013, लग्नाच्या कार्डवर पण सी0013. रीलिंक म्हणजे फुटेज परत जोडताना भलता फोल्डर दाखवला, बाकीच्या आपोआप जोड म्हटलं, की प्रीमिअर नाव आणि एक्स्टेन्शन बघून जोडून मोकळं, लाल पाटी नाही, वॉर्निंग नाही, आणि मंगलाष्टकांच्या आवाजावर हळद लावणाऱ्या काकू. त्याच लिंक मीडियाच्या खिडकीत मीडिया स्टार्टची टिक आहे, ती मारली की टाइमकोड पण जुळवतो, पण ती टिक किती जण मारतात? रेड या सिनेमाचे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीनं मात्र सुरवातीपासूनच रीलचा नंबर, क्लिपचा नंबर आणि तारीख फाइलच्या नावातच घातली, ती फिल्मवाल्यांची शिस्त. रिझॉल्व्हला पण टाइमकोड आणि रीलचं नाव बघून जोडता येतं, ते मुळात कलर करणाऱ्यांचं सॉफ्टवेअर, त्यांना दुसऱ्याच्या एडिटला ओरिजिनल जोडायचं काम रोजचंच.

म्हणून आता तपासण्या वाढल्यात. केडेनलाइव्ह, शॉटकटसारखी फुकट सॉफ्टवेअर प्रोजेक्ट उघडतानाच हरवलेल्या फाइलींची यादी समोर टाकतात. पिक्सारमधून निघालेल्या ओपनटाइमलाइनआयओ या, एडिटची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या, फॉरमॅटमधे तर मीडिया सापडला नाही याच्यासाठी वेगळा प्रकारच ठेवलाय, म्हणजे क्लिप जागेवर आणि तिचं फुटेज बेपत्ता, हे तो फॉरमॅट धरूनच चालतो. क्लाउडच्या फोल्डरनं यात अजून भर घातली, फाइल जागेवर दिसते, नाव बरोबर, साइज पण दिसते आणि आतला डेटा अजून डाउनलोडच झालेला नसतो, नुसतं फाइल आहे का बघणारी तपासणी तिथं खुशाल पास म्हणते.

मोठ्या शूटला कार्ड कॉपी करताना प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे आतल्या डेटावरून काढलेला ओळखीचा नंबर, काढून एमएचएल नावाच्या यादीत ठेवतात, एक बाइट बदलला तरी हॅश बदलतो, त्यामुळं नाव काहीही असो, फाइल तीच आहे का हे कळतं. कडेच्या नंबराच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच. पण ही यादी मीडियाच्या फोल्डरमधे पडून असते आणि प्रीमिअरचा प्रोजेक्ट रीलिंक करताना तिच्याकडं बघत पण नाही, त्यामुळं कॉपी झाल्यावरची तपासणी वेगळी, प्रोजेक्ट उघडल्यावरची वेगळी, आणि दोन सी0013 मधला योग्य कुठला ते अजूनही एडिटरनंच डोळ्यानं बघायचं.