थिन क्लायंटचे फर्मवेअर सर्व्हरवरून बदलणे (सन रे पद्धत)

थिन क्लायंट म्हणजे हार्ड डिस्क नसलेला टेबलावरचा छोटा डबा. वापरणाऱ्याची एकही फाइल त्यात राहत नाही. पडद्यावर दिसते ते सगळे दूरच्या सर्व्हरवर चाललेले असते. तरी डबा अगदीच रिकामा नसतो. नेटवर्कवर पत्ता मिळवणे, सर्व्हर गाठणे आणि आलेले चित्र पडद्यावर उमटवणे एवढ्यापुरता प्रोग्रॅम त्याच्या फ्लॅश मेमरीत (वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत) असतो, तोच फर्मवेअर. शेकडो टेबलांपाशी न फिरता तो कसा बदलावा, याचे फार सुबक उदाहरण म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्सचे सन रे. ही यंत्रे १९९९ मध्ये बाजारात आली. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली आणि पुढे ओरॅकलने सन रे बंद केले.

सर्व्हर यंत्राच्या मागे लागत नाही. यंत्रच चालू झाले की विचारपूस करते. डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा, हिच्याकडून त्याला आयपी पत्ता मिळतो आणि त्याच उत्तरात फर्मवेअर कुठे आहे व कोणती आवृत्ती हवी हेही कळवता येते. आपल्याकडची आवृत्ती वेगळी निघाली तर यंत्र नवी फाइल उतरवून घेते, फ्लॅशमध्ये लिहिते आणि पुन्हा सुरू होते. तोवर पडद्यावर आधी ‘उतरवत आहे’ आणि मग ‘साठवत आहे’ या अर्थाची चिन्हे दिसतात. वापरणाऱ्याचे काम सर्व्हरवर शाबूत असल्याने यंत्र परत जोडले गेले की अर्धवट लिहिलेले वाक्य होते तिथेच सापडते.

फाइल येते टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या एका ठरलेल्या रीतीने. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहून काढलेला हा प्रोटोकॉल इतका साधा आहे, की यंत्रातल्या इवल्याशा मेमरीतही तो मावतो. मूळ पद्धतीत ५१२ बाइटचा एक तुकडा जातो, त्याची पोच येते, मगच पुढचा निघतो. एक मेगाबाइटचे असे २,०४८ तुकडे होतात. एकाच इमारतीत जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागत असेल तर दोनेक सेकंदांत काम आटोपते. दूरच्या शाखेत तेच अंतर २०० मिलिसेकंदांचे असेल तर जवळजवळ सात मिनिटे लागतात, मग लाइन कितीही रुंद असो. म्हणून शाखेतच फर्मवेअरचा सर्व्हर ठेवणे शहाणपणाचे.

खरी पंचाईत दोन सर्व्हरांवर दोन आवृत्त्या असल्या की होते. यंत्र आज एकाकडे वळले की नवी आवृत्ती चढवते, उद्या दुसऱ्याकडे वळले की जुनी. चढ-उतार संपतच नाही. यावर सन रे सर्व्हर सॉफ्टवेअरच्या २.० आवृत्तीपासून ‘बॅरियर’ नावाचा आकडा आला. देऊ केलेल्या फर्मवेअरची पातळी त्या आकड्याखाली असेल तर यंत्र ते घेतच नाही. वायस या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या थिनओएस यंत्रांत तोच प्रश्न कॉन्फिगरेशन फाइलमधल्या ‘ऑटोलोड’ या एका ओळीवर सोडवला होता : ० म्हणजे तपासूच नको, १ म्हणजे वर-खाली दोन्ही चालेल, २ म्हणजे फक्त वर. दोन्हींत वायसची रीत वाचायला सोपी. नवा माणूसही ती ओळ पाहून काय होणार ते सांगू शकतो.

नवे फर्मवेअर लागू करण्यासाठी सन रेच्या प्रशासकाला सर्व्हरवर ‘यूटीएफडब्ल्यूएडीएम’ ही आज्ञा द्यावी लागते. ती सगळ्या यंत्रांसाठी, एखाद्या नेटवर्कपुरती किंवा एकाच यंत्राच्या इथरनेट पत्त्यापुरतीही (यंत्राच्या कायमच्या ओळख-क्रमांकापुरतीही) देता येते. शेवटचा पर्याय सर्वांत उपयोगी : आधी स्वतःच्या टेबलावरच्या यंत्रावर चढवून पाहावे, मग बाकीच्यांवर. ‘यूटीएफडब्ल्यूसिंक’ ही दुसरी आज्ञा मात्र सगळी यंत्रे एकदम पुन्हा सुरू करते. ती भर कामाच्या वेळी दिली तर मजलाभर पडदे एकाच वेळी काळे होतात.

टीएफटीपीला पासवर्ड नसतो आणि डीएचसीपीला कोणी उत्तर दिले हे यंत्र विचारत नाही. त्याच नेटवर्कवर कोणी खोटा डीएचसीपी सर्व्हर उभा केला तर यंत्राला भलताच पत्ता मिळू शकतो. त्यामुळे ही यंत्रे बाकीच्या संगणकांपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवण्याची चाल पडली. फर्मवेअरवर डिजिटल सही असणे आणि ती जुळल्याशिवाय फ्लॅशला हात न लावणे, हा त्यावरचा अधिक पक्का उपाय.