बंद पाडलेलं कार्ट्रिज आणि सुकलेलं कार्ट्रिज

शाईची वर्गणी रद्द केल्यावर थोड्याच दिवसांत प्रिंटर अडला, की गुहागर-मालवणकडच्या घरांत पहिला संशय हवेवर जातो. खारी हवा, त्यात प्रिंटर आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेला, म्हणजे शाई सुकली असणार. पण वर्गणीच्या कार्ट्रिजला तेवढंच कारण नसतं. कधीकधी ते कंपनीनेच बंद पाडलेलं असतं, आणि या दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

एचपीच्या इन्स्टंट इंकसारख्या योजनेत पैसे शाईचे नसतात, महिन्याला ठरलेल्या पानांचे असतात. वर्गणी रद्द केली तरी चालू बिलाची मुदत संपेपर्यंत कार्ट्रिज चालतं. मग मात्र प्रिंटर इंटरनेटवरून तपासतो, कार्ट्रिजवरची चिप ओळखतो आणि छापायला नकार देतो. आत निम्मी शाई शिल्लक असली तरी! असं कार्ट्रिज पुसून, धुऊन किंवा रिफिल करून चालत नाही. कुलूप चिपला आहे, शाईला नाही. रिफिलवाल्याला पैसे देण्याआधी कार्ट्रिजवरचं लेबल वाचा. त्यावर योजनेचं नाव असतं.

अशा वेळी प्रिंटर कागद ओढतच नाही. स्क्रीनवर किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये वर्गणीचा नाहीतर खात्याचा उल्लेख येतो. सुकलेल्या कार्ट्रिजचं उलट. प्रिंटर मुकाट्याने कागद ओढतो आणि पान कोरं, रेघारेघांचं किंवा एखादा रंग गायब असलेलं बाहेर येतं.

फसवणारा प्रकार तिसरा आहे. कार्ट्रिजच्या तांब्याच्या पट्ट्यांवर खाऱ्या दमट हवेने थर बसला, तर ‘कार्ट्रिजमध्ये बिघाड’ असा संदेश येतो आणि कुलूपच पडल्यासारखं वाटतं. पण त्यात वर्गणीचा शब्द नसतो, आणि कार्ट्रिज काढून परत बसवलं की कधीकधी संदेश जातो. पट्ट्या किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने हलकेच पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. वर्गणी चालूच असेल आणि पावसात इंटरनेट बरेच दिवस गेलं असेल, तरीही प्रिंटर अडतो. तिथे आधी वायफाय जोडून बघा.

खरोखर सुकलं असेल तर ॲपमधून क्लीनिंग चालवा, चाचणीचं पान काढा, गरज पडली तर पुन्हा एकदा. त्यापुढे क्लीनिंगच्या मागे लागू नका, दर वेळी शाई जाते. एचपीच्या डेस्कजेट प्रिंटरच्या बऱ्याच मॉडेलांत छपाईची छिद्रं कार्ट्रिजवरच असतात. तिथे फडक्याची घडी डिस्टिल्ड वॉटरने ओली करा (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच, विहिरीचं नको, क्षार छिद्रांत बसतात) आणि छिद्रांची बाजू मिनिटभर त्यावर टेकवून ठेवा. काळ्याचा एक पट्टा उमटला पाहिजे, रंगीताचे तीन. एखादा पट्टा फिका आला तर तोच रंग अडलाय. घासू मात्र नका, आणि कार्ट्रिज अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका.

शाई सुकण्याचं आपल्याकडचं मोठं कारण लाईट. छापता छापता लाईट गेली की कार्ट्रिज मध्येच थांबतं, छिद्रं उघडी राहतात. लाईट आल्यावर प्रिंटर चालू करा आणि त्याच्याच बटणाने बंद करा, म्हणजे ते आपल्या झाकणाखाली जाऊन बसतं. भिंतीवरचं बटण त्यानंतर.

वर्गणी परत घ्यायची नसेल, तर कुलूप पडलेल्याला उपाय म्हणजे दुकानातलं साधं कार्ट्रिज. त्याचा नंबर बहुतेक वेळा प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांवर काळीच लेबलं लागत असतील, तर छिद्रं कार्ट्रिजवरच असलेल्या डेस्कजेटमध्ये फक्त काळं घ्या आणि रंगीताची जागा रिकामी ठेवा. प्रिंटर एका कार्ट्रिजवर चालतो. प्रिंटर नातेवाइकांनी परदेशातून आणलेला असेल तर मात्र विकत घेण्याआधी दुकानदाराशी बोला. एचपीची कार्ट्रिज प्रदेशानुसार बांधलेली असतात, आणि तिकडचा प्रिंटर इकडचं नवंकोरं कार्ट्रिजही नाकारू शकतो.