कांद्यावरच्या बुरशीची चुलत बहीण आणि १०४ अमिनो ॲसिडं

लासलगाव-निफाडकडे चाळीतला कांदा सोलताना सालीखालची काळी पूड बोटांना काजळीसारखी लागते ना, ती बुरशी म्हणजे ॲस्परजिलस नायजर. तिचीच चुलत बहीण ॲस्परजिलस ओरायझी, जपानात साके नि सोया सॉस हिच्याच जिवावर बनतात.

जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी या ओरायझीपासून ताकाडायास्टेज (एन्झाइमांची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची पावडर) काढलं, १८९४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं आणि ते पचनाचं औषध म्हणून खपायला लागलं. मग १९५७ मध्ये साटो आणि एगामी यांना त्याच पावडरीत वेगळंच एन्झाइम सापडलं, जे आरएनए (पेशीतली ए, सी, जी, यू या चार रासायनिक अक्षरांची साखळी) कापतं पण जिथे जी हे अक्षर येतं तिथेच, त्याच्या लगेच पुढे. नाव रायबोन्यूक्लिएज टी१, यातला टी ताकाडायास्टेजचा.

एन्झाइम म्हणजे अमिनो ॲसिडांची साखळी, आता त्याची अमिनो ॲसिडं कुठल्या क्रमाने आहेत ते कसं शोधायचं? तोवर ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगरने इन्सुलिनची ५१ अमिनो ॲसिडं क्रमाने लावून दाखवली होती, आणि १९५० पासून एडमनची पद्धत होतीच, साखळीच्या एका टोकाने एकेक अमिनो ॲसिड सोडवायचं आणि ओळखायचं. पण लांब साखळीत थोड्या पायऱ्यांनंतर सगळं गढूळ होतं, म्हणून आधी तुकडे करायचे, तेही दोन वेगळ्या पद्धतींनी. म्हणजे नाशिकच्या बसथांब्यांच्या एका चिठ्ठीवर सीबीएस, शालिमार, द्वारका असं आणि दुसरीवर द्वारका, नाशिकरोड असं असेल तर बसचा रूट आपोआप जुळतो, तसंच. इथे पंचाईत अशी की तुकडे करायला नेहमी वापरलं जाणारं एन्झाइम ट्रिप्सिन हे लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो ॲसिडांच्या पुढेच कापतं, आणि टी१ मध्ये लायसिन एक नि आर्जिनिनही एकच, त्यामुळे तीनच तुकडे पडतात, मग बाकीची फोड दुसऱ्या एन्झाइमांनी करत बसायचं. केंजी ताकाहाशी यांनी हे सगळं करून १९६५ मध्ये १०४ अमिनो ॲसिडांचा पूर्ण क्रम दिला, ही चिकाटी मला फार मोठी वाटते.

आणि त्याच वर्षी रॉबर्ट हॉली यांनी यीस्टच्या एका टीआरएनएची (अमिनो ॲसिड वाहून नेणाऱ्या छोट्या आरएनएची) ७७ अक्षरं वाचली, न्यूक्लिक ॲसिडचा (म्हणजे डीएनए किंवा आरएनएचा) असा पूर्ण क्रम पहिल्यांदाच लागला, आणि त्यासाठी वापरलेल्या दोन मुख्य कात्र्यांपैकी एक हेच टी१! हॉलींना १९६८ चं नोबेल मिळालं, आपल्या हरगोबिंद खुराना आणि निरेनबर्ग यांच्यासोबत.

काजळीवाल्या नायजरचं ग्लुकोअमायलेज (स्टार्चपासून ग्लुकोज बनवणारं एन्झाइम) मात्र ६१६ अमिनो ॲसिडांचं, त्याचा क्रम कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमधून १९८३ मध्ये आला. आणि टी१ चं काम तेव्हाही संपलं नव्हतं, १९८५ मध्ये ताकाहाशींनी स्वतःच ते परत तपासलं आणि ७१ ते ७३ या तीन जागांचा क्रम दुरुस्त केला.