आमदाराचं पत्र जोडलं, तरी अर्ज परत का येतो?

आमदार, खासदार, जिल्हा परिषद सदस्यांच्या जनसंपर्क कार्यालयात बसणाऱ्यांसाठी हे आहे, पक्ष कोणताही असो. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी रस्त्याच्या आणि नळाच्या अर्जांइतकेच दवाखान्याचे अर्ज तुमच्या टेबलावर येतात. पण आरोग्य योजना नीट समजावून सांगणारं प्रशिक्षण ना पक्ष देतो, ना सरकार. जीआर व्हॉट्सॲपवर येतो, पहिलं पान वाचून पुढे ढकलला जातो. मग मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज त्रुटी लागून परत आला की शिव्या पीएला.

आधी पत्राचं बोलू. "भाऊचं पत्र हाये ना, मंग दाखला कायले पायजे?" हे रोज ऐकू येतं. निधीला लागणाऱ्या कागदांच्या यादीत आमदाराचं पत्र नाहीच. जोडलं तर बिघडत नाही, पण त्यानं दुसऱ्या कुठल्याच कागदाची उणीव भरून निघत नाही. सत्तेतल्या भाऊंच्या पत्रानंही नाही.

दुसरं, निधी ही शेवटची पायरी आहे. आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघायची. १ जुलै २०२४ पासून तिचं संरक्षण पाच लाखांचं झालं आणि ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली. २०१२ साली पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली आणि अमरावती होते, तेव्हा योजना पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती. ती सवय इतकी मुरली आहे की पांढरं कार्ड असलेला माणूस आजही विचारायलाच जात नाही. त्याला जायला सांगा. रुग्णालयात या योजनेच्या मदतीसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: हा उपचार यादीत आहे का, आणि हे रुग्णालय याच उपचारासाठी अंगीकृत आहे का? "योजना आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. एखादं रुग्णालय हृदयरोगासाठी योजनेत असतं, हाडांसाठी नसतं, आणि हे नातेवाइकाला बिल हातात पडल्यावर कळतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. धर्मादाय रुग्णालय असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. हे सगळे दरवाजे बंद झाले, की मग निधी.

निधीचे अर्ज सर्वांत जास्त अडकतात ते एका गैरसमजामुळे. लोक बिल घेऊन येतात. सुट्टी झाली, शेत गहाण पडलं, पैसे भरून झाले, आता परत मिळवून द्या म्हणतात. झालेल्या खर्चाची भरपाई हा निधी करत नाही. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते, म्हणून रुग्ण भरती असतानाच अर्ज जायला हवा. बिल नव्हे, खर्चाचं अंदाजपत्रक हवं. रुग्णालय खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं, म्हणजे सिव्हिल सर्जनचं प्रमाणीकरण हवं. या सहीसाठी नातेवाइकांना खेटे का मारायला लावतात, ते त्या कार्यालयांनाच ठाऊक. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर. तुमच्या ऑफिसच्या ओळखीचा खरा उपयोग इथे आहे: साहेब कधी बसतात ते फोन करून आधी विचारून ठेवा.

आणि ते रुग्णालय निधीच्या संगणक प्रणालीत नोंदलेलं आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. नसेल तर बाकीचे कागद सोन्याचे असले तरी उपयोग नाही.

आता उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांचा, चालू वर्षाचा, वार्षिक १ लाख ६० हजारांच्या आतला. गडचिरोलीतल्या एटापल्लीचा रुग्ण नागपुरात 'मेडिकल'समोरच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासमोरच्या, खासगी दवाखान्यात भरती असतो, घरचे सगळे त्याच्या उशाशी, आणि दाखला मिळणार एटापल्लीच्या तहसीलमध्ये. इथे कार्यालयातल्या माणसानं सेतू आणि तलाठ्याकडे धाव घ्यायची असते. दाखल्यावरची मुदत वाचा. ३१ मार्चला तो संपतो. पोराच्या शाळेसाठी काढलेला जुना दाखला एप्रिलमध्ये जोडून देणारे दरवर्षी निघतात, आणि शेवटच्या ओळीतली तारीख कोणीच बघत नाही.

नावं जुळवा. आधारवर 'शेवंताबाई', रेशनकार्डावर 'शेवंता', अंदाजपत्रकावर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. आधार आणि रेशनकार्ड दुरुस्त करायला तेवढ्यात वेळ नसतो, पण अंदाजपत्रक दवाखाना लगेच बदलून देतो. आधारप्रमाणे नाव लिहून मागा. नवजात बाळ असेल तर आईचं आधार चालतं.

रुग्ण खाटेवर असतानाचा जिओ टॅग फोटो, म्हणजे ठिकाण छापलेला फोटो, लागतो. मोबाइलचं लोकेशन चालू करून काढायचा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या साध्या फोटोत ठिकाण छापलेलं नसतं, तो चालत नाही. अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसी, म्हणजे रुग्णालयातली मेडिको-लीगल नोंद. मोटारसायकल घसरली, गावातल्या गावात मिटवलं, पोलिसांत कोणी गेलंच नाही, अशा केसमध्ये हा कागद नसतो. म्हणून भरतीच्या वेळीच एमएलसी नोंदवायला सांगा. अवयव प्रत्यारोपण असेल तर झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, नोंदणीची पावती.

बाकी ठरलेलं: विहित नमुन्यातला अर्ज, आजाराचे रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड. स्कॅन नीट करा. अर्धा शिक्का कापलेला, कोपऱ्यात अंगठा आलेला फोटो म्हणजे त्रुटी ठरलेलीच.

२०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयांत या निधीचे जिल्हा कक्ष झाले आहेत, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या आता नकोत. घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून टाका: अंदाजपत्रक सहा लाखांचं असलं म्हणून सहा लाख मिळत नाहीत, उरलेल्याची सोय त्यांनाच बघायची आहे. अर्ज परत आलाच तर पुन्हा सगळा गठ्ठा नव्यानं पाठवू नका. कोणती त्रुटी आहे ते कक्षातून नेमकं विचारून घ्या आणि तेवढाच कागद, रुग्णाला सुट्टी व्हायच्या आत, पोचवा.